एकटीनं उचलवत नाही

सुजाताचं उत्तर मी बदललं होतं. हे मी आजवर कुणापाशीच बोललो नव्हतो. बायकोपाशी नाही, ज्या संस्थेसाठी तेव्हा काम करत होतो तिथल्या कुणापाशी नाही. या हिवाळ्यात नगर जिल्ह्यात जाऊन आलो तो एवढं एक वाक्य बोलायला.

मी पुण्यात जपानी शिकवतो आणि दुभाषाचं काम करतो. सुजाता श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. नर्सिंगचा कोर्स करून आमच्या वर्गात आली, कारण जपानमधल्या वृद्धाश्रमांना माणसं हवी होती. मुलाखत पडद्यावर झाली. पलीकडे आश्रमाचे व्यवस्थापक, अलीकडे ती आणि मी. साध्या प्रश्नांची उत्तरं तिनं स्वतः जपानीतून दिली. तब्येतीचे प्रश्न मात्र नीट कळावेत म्हणून माझ्यामार्फत विचारायचे असं ठरलेलं. व्यवस्थापकांनी विचारलं, अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला उचलून खुर्चीत बसवणं एकटीला जमेल का? मी ते मराठीत विचारलं. सुजाता म्हणाली, "त्यांना सांगा सर, एकटीनं मला माणूस उचलवत नाही. पाठीत चमक भरते. दोघी असल्या तर उचलीन."

मी सांगितलं की जमेल, अनुभव आहे, काळजीचं कारण नाही. आणि हे सांगताना मुद्दाम वरच्या दर्जाची, अतिआदराची जपानी वापरली. दुसऱ्या पायरीवरच्या विद्यार्थिनीला ती पकडता येत नाही, हे मला ठाऊक होतं. मीच तिला शिकवत होतो.

ती निवडली गेली. जपानच्या उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, तिला रात्रपाळी मिळाली, एकटीची. एका पहाटे हारुआजी म्हणून एका बाईंना उचलताना तिची पाठ गेली आणि दोघी पडल्या. आजींचं खुब्याचं हाड मोडलं आणि पुढं त्या त्यातच गेल्या. सुजाताच्या मणक्याचं ऑपरेशन तिथंच झालं. चौकशीत तिला विचारलं गेलं की जमत नव्हतं तर मुलाखतीत 'जमेल' असं का म्हणालीस. तेव्हा दवाखान्यातून तिनं मला फोन केला होता. "सर, मी दोघी म्हणाले होते ना?"

मी म्हणालो, आठवत नाही गं, किती मुलाखती असतात.

तिच्याच बॅचचा इम्रान म्हणून एक मुलगा भिंगारला असतो. त्याचा अधूनमधून फोन येतो. गेल्या महिन्यात तो बोलता बोलता म्हणाला, सुजाता अजून म्हणते, माझीच जीभ घसरली असेल. त्या दिवशी मी जायचं ठरवलं.

सुपे

पुण्याहून नगरला जाणाऱ्यांना सुपे म्हणजे चहाचा थांबा. मला तो थांबा टाळायचा होता, पण गाडीचं इंजिन तापल्याचा दिवा लागला आणि थांबावंच लागलं. पाणी ओतलं, झाकणाला फडकं गुंडाळलं आणि वडापाव खात उभा राहिलो. वाऱ्याला धूळ आणि गारवा दोन्ही होतं. रस्त्याच्या पलीकडे औद्योगिक वसाहतीच्या कमानीवर मराठी आणि इंग्रजी पाट्यांखाली जपानी अक्षरं आहेत. बाजूच्या हॉटेलवाल्यानंही फळ्यावर खडूनं जपानीत काहीतरी लिहिलंय. ते 'स्वागत' आहे असं तो सांगतो, आणि ते खरंच स्वागत आहे; मी वाचून पाहिलं.

याच भागातल्या एका कारखान्यात मी दुभाषा म्हणून तयार झालो. तिथं जे शिकलो ते वर्गात कुणी शिकवत नाही. जपानी साहेब तोंडावर 'नाही' म्हणत नाही. तो श्वास आत ओढतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, जरा अवघड आहे. इकडचा सुपरवायझरही 'नाही' म्हणत नाही. तो म्हणतो, होऊन जाईल साहेब. दोघांच्याही मनात नकार असतो आणि दोघंही माझ्याकडे बघत असतात. मग मी मधे बसून दोन्ही बाजू गुळगुळीत करायचो. बैठक हसत संपायची. माल वेळेवर जायचा नाही, पण तो दोष माझ्याकडे कधी आला नाही. आमच्या धंद्यात याला 'पॉलिश मारणं' म्हणतात, आणि पॉलिश चांगलं मारणाऱ्याला पुन्हा बोलावणं येतं. मला खूप बोलावणी आली.

चिपळूणला, आमच्या घरी, नकार चोख असायचा. वडील भिक्षुकाला सुद्धा "आज नाही" असं उंबऱ्यात उभं राहून सांगायचे. मला लहानपणी त्यांची लाज वाटायची. देशावर आलो, माणसं किती गोड बोलतात असं वाटलं, आणि मीही तसाच झालो.

भिंगार

सुप्याच्या पुढं गाडीनं दोनदा दम टाकला. नगर येईतो संध्याकाळ झाली. पाट्यांवर आता सगळीकडे अहिल्यानगर आहे, पण रस्ता विचारला तर माणसं अजून नगरच म्हणतात. भिंगारच्या जुन्या बाजारात इम्रानच्या घरासमोर गाडी लावली, आणि ती पुन्हा सुरू झाली नाही. मेकॅनिकनं बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि 'होऊन जाईल' म्हणाला. मी समजलो की चार दिवस होत नाही.

इम्रानचे वडील लष्करातल्या लोकांच्या वर्द्या शिवायचे. आता डोळे अधू झालेत, तरी दुकानात बसतात. इम्राननं टेम्पो घेतलाय. वर्गात तो सगळ्यांत वात्रट होता आणि सगळ्यांत चांगला बोलायचा. सुजाताच्याच दिवशी त्याचीही मुलाखत होती, त्याची निवड झाली नाही. पाठीमागच्या अंगणात त्याच्या अम्मींनी आम्हाला जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, मटणाचा रस्सा आणि वर कच्चा कांदा. रस्सा इतका तिखट की मी नाकडोळे पुसत होतो आणि इम्रान सांगत होता की सरांनी शिकवलेलं एक क्रियापद आज कामाचं आहे, पण आठवेना. "तिखट खाववत नाही, हे जपानीत काय सर?"

मी सांगितलं. ते त्याला अजून येत होतं, माझी फक्त परीक्षा घेत होता.

जपानी शिकवताना मला नेहमी मराठीची मदत व्हायची, ती इथंच. शेजारच्या कितीतरी भाषांत 'शकणे'सारख्या एका शब्दावर काम भागतं. आपल्याकडे तो आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. मला पोहता येतं. मला चालवतं. मला बघवत नाही. क्रियापदाच्या पोटातच शक्ती किंवा अशक्ती शिरते, माणूस बाजूला राहतो आणि गोष्ट त्याच्याकडून होते किंवा होत नाही. जपानीतही तसंच. 'अरुकु' म्हणजे चालणं, 'अरुकेरु' म्हणजे चालवतं, 'अरुकेनाइ' म्हणजे चालवत नाही. जमतं याला 'देकिरु' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ बाहेर येणं, उगवणं. आपलं 'येतं' आहे तसंच. नगर जिल्ह्यातल्या मुलांना हा धडा एका दिवसात समजायचा. पुण्यातल्या इंग्रजी शाळेतल्यांना आठवडा लागायचा.

पण हा धडा आम्ही अर्धाच शिकवायचो. संस्थेची तशी पद्धत होती. मुलाखतीआधीच्या तयारीत फक्त होकार घोकून घ्यायचे. जड उचलता येतं का, येतं. थंडी सोसते का, सोसते. रात्री जागवतं का, जागवतं. नकाराचं रूप 'निवडीनंतर घेऊ' म्हणून ठेवून द्यायचं. तोंडावर नकार बसला की मुलाखतीत तोच बाहेर पडतो, असं संचालक म्हणायचे, आणि मला ते पटायचं. निवडीनंतर विमानाची घाई असायची. तो धडा बहुतेकांचा राहूनच जायचा.

त्या वेळी आणखी एक पद्धत होती, ती मात्र गावांची. मुलगी जपानला जाणार असं कळलं की मुलाखतीची वाट कुणी बघत नसे. बेलापूरला बुद्धविहारात सुजाताचा सत्कार आधीच झाला होता, शाल, फुलं, भाषणं. बुद्धाला मानणाऱ्या देशात आपली पोरगी चालली म्हणून तिच्या वडिलांनी चौकात फ्लेक्स लावला होता, 'जपान येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली सुजाताचा पांढऱ्या कोटातला फोटो आणि कोपऱ्यात माझाही, मार्गदर्शक म्हणून. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांनी तो मला मोबाईलवर पाठवला. तिनं 'एकटीनं उचलवत नाही' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तो फ्लेक्स होता. ही सबब म्हणून सांगत नाही. त्या दिवशी तिच्या आधीची सगळी मुलं नाकारली गेली होती, काचेपलीकडून संचालक माझ्याकडे बघत होते, आणि मला माझं बोलावणं टिकवायचं होतं. फ्लेक्स त्यातला बरा दिसणारा भाग, एवढंच.

इम्रान म्हणाला, गाडी राहू द्या, उद्या मला कोपरगावला माल टाकायचाय, वाटेत बेलापूरला थांबू. सुजाताकडे तो जाता-येता थांबतोच. तिच्या आईनं त्याला सांगून ठेवलंय म्हणे, रिकाम्या हातानं आलास तर चालेल, रिकाम्या पोटी नको.

राहुरीच्या पुढं

टेम्पोत पाठीमागं प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एकात एक घातलेल्या, कोपरगावच्या एका मंगल कार्यालयासाठी. खड्डा आला की त्या सगळ्या मिळून खडखडायच्या. राहुरी सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला. गळीत हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, त्यांच्यावर लाऊडस्पीकर, मागं धूळ आणि उसाचा आंबूस गोड वास. एका वळणावर ट्रॉली कलंडली होती. ऊस आडवातिडवा पसरलेला, तोडणीवाल्या बाया कडेला बसून भाकरी खात होत्या, आणि ट्रॅक्टरवाला फोनवर कुणाला तरी सांगत होता की काही झालं नाही, थोडं सांडलंय. आम्ही तिथं बराच वेळ अडकलो.

इम्राननं विषय काढला नसता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, सर, आमच्या बॅचमधे सगळ्यात नशीबवान मी. निवड झाली नाही म्हणून धडधाकट आहे. मग स्वतःच ओशाळला आणि उसाकडे बघत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, सुजाताची आई तिला फार बोलते. वाईट बाई नाही, पण रोज उठवता-बसवताना तोंडातून जातं. तूच हो म्हनली, तूच पाठ घालवली. सुजाता उलट बोलत नाही. तिला स्वतःलाच खात्री नाही ना.

तेव्हा मी मनाशी एक गोष्ट ठरवली. बोलायचं ते जेवायच्या आधी. जपानीत अशक्याचा एक तिसरा प्रकार आहे, तो मुलांना शेवटी शिकवतात. अंगात ताकद आहे, वाटही मोकळी आहे, तरी करता येत नाही, कारण माणूस म्हणून ते करणं बसत नाही. 'वाके नि वा इकानाइ' म्हणतात त्याला. उदाहरण म्हणून मी वर्गात सांगायचो, ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्याशी दगा करता येत नाही. मुलं मान डोलवायची. हे त्यांना जपान्यांपेक्षा जास्त कळायचं.

बेलापूर

प्रवरेच्या अलीकडे गाव सुरू होतं. सुजाताचं घर वस्तीच्या टोकाला, पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण. एका बाजूला शेळ्यांचा गोठा, त्याच्यावर छपराला तोच फ्लेक्स, उलटा घातलेला. उन्हानं रंग उडाले होते, तरी आतल्या बाजूनं पांढरा कोट ओळखू येत होता. शेळी त्याच्याखाली उभी राहून पाला खात होती.

सुजाताची आई दारात आली. सगळे तिला शांताबाई म्हणतात. "जयभीम सर. लई दिसांनी वाट सापडली." मी जयभीम म्हटलं. सुजाताचे वडील श्रीरामपूरला गेले होते, संध्याकाळच्या आत येणार नव्हते. ते नाहीत याचं मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

सुजाता आत लोखंडी कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. कमरेला पट्टा, शेजारी वॉकर. खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली जपानहून आणलेली एक लाकडी बाहुली. मी तिला शेवटचं पाहिलं होतं ते फोटोत, बर्फात उभी असलेली. चेहरा तोच होता, पण मान वळवताना ती आधी खांदा वळवत होती. तिनं मोबाईल उशीखाली सारला. श्रीरामपूरच्या दोन मुलींना ती फोनवरून जपानी शिकवते, असं शांताबाई म्हणाल्या. काय शिकवतेस, मी विचारलं. सुरुवातीचंच, ती म्हणाली, आधी 'जमत नाही' कसं म्हणायचं ते. मग बाकीचं.

मी बोलायला तोंड उघडलं आणि शांताबाईंनी हात धुवायला पाणी पुढं केलं. इम्रान तर पाटावर बसलाही. मी म्हणू शकलो असतो, थांबा, आधी एक सांगायचंय. दोन वाक्यांचं काम. पण तांब्या पुढं होता, ताट मांडलं होतं, आणि मी हात धुतले.

बाजरीची भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी आणि काळ्या मसाल्याची आमटी. नगरकडे हिला शिपी आमटी म्हणतात आणि तिच्यासाठी लांबून माणसं येतात. शांताबाईंनी खास माझ्यासाठी तूप घातलं. मला आग्रह करत म्हणत होत्या, सर, जपानी लोक चमच्यानं सुद्धा खात न्हाईत म्हनं, काड्यांनी खातेत, मग भाकरी कशी खातील. इम्रान म्हणाला, मावशी, ते भाकरीच खात नाहीत म्हणून तर एवढे बारीक. सगळे हसले. सुजाताही हसली आणि पाठीला हात लावून थांबली. मी दोन भाकरी खाल्ल्या. आमटी दुसऱ्यांदा घेतली.

हात धुतल्यावर शांताबाई भांडी घासायला मागं गेल्या. इम्रान टेम्पोचा ताडपत्रीचा दोर बघायला बाहेर गेला. मी कॉटजवळच्या स्टुलावर बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, मुलाखतीतलं आणि फोनवरचं. तुला भ्रम झाला नव्हता. तू दोघी म्हणाली होतीस. मी ते पलीकडे जाऊ दिलं नाही.

शेळी ओरडत होती. मग सुजाता म्हणाली, मी जे म्हणाले होते तेच शब्द म्हणा. मी म्हटले. मला ते पाठ आहेत.

"आता जपानीत म्हणा. माझ्या पायरीच्या जपानीत."

मी म्हटलं, "हितोरी दे वा देकिमासेन. फुतारी नारा, देकिमास." एकटीला जमत नाही. दोघी असल्या तर जमतं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"एवढं तर मला पण आलं असतं, सर."

तिचा आवाज चढला नव्हता. मग ती हळूहळू सांगत गेली. तुम्ही बोलत होतात तेव्हा मी 'फुतारी' हा शब्द शोधत होते, म्हणाली. आला नाही. मला वाटलं, मोठ्या लोकांच्या जपानीत दोघींना वेगळा शब्द असेल. सर सांगतायत म्हणजे बरोबरच असेल. तिकडे गेल्यावर सुरुवातीला मी त्यांना सांगायला बघितलं की एकटीनं होत नाही, तर ते म्हणाले, पण तू हो म्हणालीस ना. आणि त्यावर पुढचा नकार मला नीट रचता येईना. तो धडा आमचा झालाच नव्हता.

शांताबाई पदराला हात पुसत आत आल्या आणि दोघांकडे बघून म्हणाल्या, काय झालं. सुजाता माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, आईला पण सांगा. तिला मराठीतच सांगायचंय, पॉलिश लागणार नाही.

मी उभा राहिलो. शांताबाईंना सांगितलं की सुजाता 'हो' म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती दोघी लागतील. 'हो' मी म्हणालो. त्या ऐकत होत्या, आणि मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

"कळलं. पयल्यांदाच कळलं." त्या कॉटच्या कडेवर बसल्या, लेकीच्या पायाशी. पायावरची चादर सारखी केली. "हिला मी रोज बोलते, सर. रोज. सकाळी उठवताना बोलते, अंघोळ घालताना बोलते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जेवायच्या आदी सांगायचं हुतं तुमी. तुमी जेवलात, मंग सांगितलं."

आमच्याकडे कोकणात भांडणाच्या घरी पाणी पीत नाहीत, इथं जेवलेल्या माणसाला घालवून देत नाहीत. त्या मला जा म्हणाल्या नाहीत. पण पुढं माझ्याशी बोलल्याही नाहीत.

मी क्षमा मागायला लागलो तर सुजातानं मधेच थांबवलं. "माफी नको. तिला सांगा."

कुणाला ते मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. ती दवाखान्यात पालथी पडून होती तेव्हा हारुआजींची लेक आली होती. साठीची बाई. वाकून नमस्कार केला, कॉटजवळ उभी राहिली, रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, जमत नव्हतं तर जमतं असं का म्हणालात? एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट बघत राहिली. ती बाई पुन्हा वाकली आणि गेली. "तिला वाटतं तिची आई माझ्या खोटेपणानं मेली," सुजाता म्हणाली. "आश्रमाला काय वाटतं ते राहू द्या. तुम्ही तिला भेटून सांगा. फोनवर नको."

मी म्हणालो, बघतो.

"बघतो नको, सर. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

मी हो म्हणालो. जपानीत म्हणालो का मराठीत, ते मला आता नक्की आठवत नाही.

कोपरगाव

टेम्पोत बसल्यावर इम्राननं विचारलं नाही. घरातलं काहीतरी त्याच्या कानावर गेलं असणार, कारण शांताबाईंनी त्याला नेहमीसारखी पिशवी दिली आणि ती देताना त्या रडत होत्या. बेलापूर मागं पडल्यावर मी त्याला स्वतःहून सांगितलं. तो गाडी चालवत राहिला. साखर कारखान्याची धुराडी दिसायला लागली, मळीचा उग्र वास काचेतून आत आला, तेव्हा त्यानं विचारलं, "माझं काय सांगितलं होतं सर?"

मी म्हटलं, तुझं तूच जपानीत बोलला होतास. माझी गरजच लागली नाही.

तो हसला, पण ते हसू लगेच मावळलं. "व्हय. मी म्हणालो होतो, अब्बांचे डोळे अधू होत चाललेत, वर्षभरानं परत यावं लागेल. म्हणून नाही घेतलं." मग उसाचा एक ट्रॅक्टर मागं टाकून, "अजून कुणाकुणाचं?"

मी नावं आठवायला लागलो. पहिली दोन पटकन आठवली. त्यानं हात केला, नको, मला नका सांगू, म्हणाला.

गोदावरीच्या पुलावरून कोपरगावात शिरलो. नदीला पाणी थोडं, घाटावर कपडे वाळत टाकलेले. मंगल कार्यालयात इम्रानसोबत मी खुर्च्या उतरवायला लागलो, तर तो म्हणाला, राहू द्या सर, माझा माणूस येतोय. मी तरी दोन-दोन उचलून नेत राहिलो. त्यानं पुन्हा अडवलं नाही, चहालाही बोलावलं नाही. स्टॅंडवर सोडताना त्यानं हातात हात दिला नाही, पण पिशवी दिली. शांताबाईंनी त्याच्यासाठी बांधलेल्या भाकऱ्या होत्या. घरी नेऊन काय करू, म्हणाला, अम्मी करून ठेवतेच. मला माहीत होतं की रडत दिलेल्या त्या भाकऱ्या त्याला गाडीत नको होत्या. पुण्याच्या गाडीला उशीर होता. स्टॅंडवर बसून मी त्या भाकऱ्यांकडे बघितलं, आणि शेवटी शेजारी बसलेल्या ऊसतोडणीच्या कुटुंबाला दिल्या. त्यांनी काही न विचारता घेतल्या.

परतल्यावर

पुण्यात आल्यावर मी आश्रमाला फोन केला. व्यवस्थापक बदललेत. मी माझं नाव सांगितलं, मुलाखतीचा दिवस सांगितला, सुजाता प्रत्यक्षात काय म्हणाली होती ते तिच्या पायरीच्या जपानीत सांगितलं. पलीकडची बाई शांतपणे ऐकत होती. हारुआजींच्या लेकीचा पत्ता मागितला तेव्हा ती म्हणाली, तो सांगणं आमच्याकडून होण्यासारखं नाही. जपानी भाषेत अशक्य सांगण्याची ही सगळ्यांत सभ्य रीत आहे. ती मी वर्षानुवर्षं शिकवली, मुलांकडून घोकून घेतली. समोरच्यानं असं म्हटलं की विषय संपला असं समजायचं, असंही शिकवलं. फोन ठेवताना मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला भीती वाटते, म्हणून हे लिहून ठेवलं.

गाडी इम्राननं दुरुस्त करून पाठवून दिली, स्वतः आला नाही. सुजाताला मी फोन केला आणि आश्रमानं काय म्हटलं ते सांगितलं. ती म्हणाली, मग गावात जाऊन विचारा, गाव लहान आहे, बर्फ वितळल्यावर जा. आई आता बोलते का, मी विचारलं. ती म्हणाली, आई आता काहीच बोलत नाही, ते जास्त जड जातं.

संचालकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ज्या बाकीच्यांची उत्तरं मी बदलली, त्यांना शोधायला सुरुवात केलेली नाही. हारुआजींची लेक त्या गावात कुठंतरी आहे, आणि सुजाता खोटं बोलली असं तिला आजही वाटतं. तिच्यासमोर उभं राहून ते खोटं माझं होतं, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.